‘मी म्हटलं’ आणि ‘मी म्हणालो’

मराठीत ‘मी’नं सांगितलेल्या कादंबरीत निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे फार वेळ लपवता येत नाही. ‘मी घरी आलो’ किंवा ‘मी घरी आले’ यांतलं एक लिहावंच लागतं, आणि लिहिलं की गुपित फुटलं. पण ‘मी दार उघडलं’, ‘मी दिवा लावला’, ‘मी चिठ्ठी वाचली’ ही वाक्यं काहीच सांगत नाहीत, कारण तिथं क्रियापद कर्माच्या मागं जातं. उद्या एखाद्यानं ठरवलं की पहिली तीन पानं वाचकाला अंधारात ठेवायचं, तर त्याला ‘खाल्लं, पाहिलं, ऐकलं, लिहिलं’ चालतील. ‘आलो, बसलो, हसलो’ चालणार नाहीत. ‘मी जाईन’ चालेल, ‘मी जातो’ नाही. ‘मला वाटलं’ बिनधोक. आणि पिणं, शिकणं, विसरणं ही क्रियापदं ऐनवेळी दगा देतात. कर्म समोर असूनही ती कर्त्याशीच इमान राखतात: मी पाणी प्यालो, मी छत्री विसरले.

परीक्षेच्या वह्यांमध्ये ‘कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली’ असे कप्पे असतात. त्या कप्प्यांची सवय लागली की वाटतं, लेखक आधी पात्र ठरवतो आणि मग त्याच्यावर भाषेचा सदरा चढवतो. वाचकाच्या हाताला मात्र सदराच लागतो. आत माणूस आहे की हँगर, हे त्याला सुरकुत्यांवरून ओळखावं लागतं. पात्राचं वय, गाव, शिक्षण, ते कुणाला घाबरतं, त्याला कशाची लाज वाटते, हे सगळं मराठीत क्रियापदाच्या शेपटात, संबोधनात आणि ‘च’, ‘ना’, ‘बुवा’, ‘म्हणे’ असल्या चिल्लर शब्दांत येऊन बसतं. कथानकाच्या जोरावर वाचक शेवटच्या पानापर्यंत पोचेलही. पुस्तक मिटल्यावर त्याच्या कानात उरते ती ही चिल्लर.

शीर्षकातली जोडीच घ्या. ‘मी म्हणालो’ हे लिहिणाऱ्याचं क्रियापद आहे: सरळ बसलेलं, अवतरणचिन्हांची वाट पाहणारं. ‘म्हटलं’ हे ओट्यावर बसलेल्या माणसाचं. त्याला कर्ताही लागत नाही. ‘म्हटलं, बघू तरी काय म्हणतोय.’ यात तो कुणाला काही बोलला, की नुसतं मनात आणलं? दोन्ही. ‘म्हटलं’मध्ये बोलणं आणि विचार करणं यांच्यातली भिंतच नाही. ज्या निवेदकाला स्वतःशी आणि जगाशी एकाच सुरात बोलायची खोड आहे, त्याला ‘म्हटलं’ द्यावं. जो शब्द तोलून मापून टाकतो, ज्याच्या पोटात एक आणि ओठांत एक असतं, त्याला ‘म्हणालो’. एकाच माणसाला कारण नसताना दोन्ही दिली, तर चुकलं काय ते वाचकाला सांगता येणार नाही, पण तो पुस्तक पालथं घालून चहा करायला उठेल.

ह. ना. आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो’ सुरू केली तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. आणि बोलत होती यमू: लहानपणी लग्न झालेली, पुढं विधवा होणारी, सासरच्यांनी बळजबरीनं केशवपन केलेली. एका तरुण पुरुषानं तिच्या तोंडून शेकडो पानं ‘मी गेले, मी रडले’ लिहायची, आणि तीही आठवड्याच्या आठवड्याला. हप्त्यांच्या कादंबरीची अडचण अशी की मधल्या सात दिवसांत वाचकाच्या घरात बारसं होतं, आजारपण होतं, आणि घटनांचा धागा सुटतो. विसरत नाही तो बोलणाऱ्याचा सूर. यमू वाद घालत नाही, सुधारणेवर व्याख्यान देत नाही. लहान असताना तिला जेवढं कळलं तेवढंच ती सांगते, आणि जे कळलं नाही ते तसंच समोर ठेवते. तिला न कळलेलं वाचकाला कळतं, आणि तिथं त्याचा घसा दाटतो. शीर्षकसुद्धा निबंधाचं नाही. कंटाळून पदर सावरत टाकलेल्या वाक्याचं आहे.

त्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि कादंबऱ्यांनी ते व्याकरण जसंच्या तसं उचललं. ‘इकडून असं म्हणणं झालं’, ‘स्वारीचं येणं झालं नाही’. या वाक्यांत कर्ता गायब आहे. नवरा म्हणजे कुणी माणूस नसून एक दिशा, ‘इकडे’. किंवा एक लवाजमा, ‘स्वारी’. पतीविषयीचा धाक आणि लाज दाखवायला वेगळा परिच्छेद लागलाच नाही, वाक्याच्या ठेवणीतच ते आलं. आजच्या कथेत हे वापरलं तर नाटकातल्या नऊवारीसारखं दिसेल. आजची बायको चारचौघांत ‘अहो’ म्हणते, घरात ‘अरे’, आणि फार चिडली की पुन्हा ‘अहो’. हे तिसरं ‘अहो’ ज्या लेखकाच्या लक्षात आलं, त्याला भांडणाचा अर्धा प्रसंग फुकट मिळाला.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. पहिल्याच वाक्यात पांडुरंग सांगवीकर आपलं नाव आणि पंचवीस हे वय सांगतो, आणि त्या वयाच्या आधी ‘उदाहरणार्थ’ टाकतो. वयाला उदाहरण कसलं? पंचवीस हे पंचवीसच असतं. पण त्या एका शब्दानं तो स्वतःच्या आयुष्यापासून दोन पावलं मागं सरकतो: माझं असं आहे, याच्या जागी दुसरं काहीही चाललं असतं. पुढं ‘वगैरे’ही हेच काम करतं. कॉलेज वगैरे, करिअर वगैरे, बापाच्या अपेक्षा वगैरे. नेमाड्यांनी पांडुरंग तुसडा आहे, हळवा आहे, हरलेला आहे असं कुठं सांगत बसायची गरजच उरत नाही. आणि मग धाकटी बहीण मनी जाते. तोवर आपण त्या खिदळणाऱ्या, सगळं उडवून लावणाऱ्या आवाजाला सरावलेले असतो, त्याच्या आडोशाला बसलेले असतो. इथं आडोसा पुरत नाही. ती पानं अंगावर येतात याचं कारण त्यांच्या आधीच्या पानांत आहे.

त्यानंतर कित्येक नवोदितांच्या लिखाणात ‘वगैरे’ शिरलं आणि बहुतेक ठिकाणी नुसतं डासासारखं गुणगुणत राहिलं. त्यांनी खोड उचलली, खोडीमागची गरज उचलली नाही. पात्राला बोलण्याची लकब द्यायची असेल तर मात्रा सांभाळावी लागते. पहिल्या दहा पानांत तीन-चारदा, म्हणजे वाचकाच्या कानाला लागेल. नंतर प्रसंगाला एकदा, तोही प्रत्येक प्रसंगाला नको. आणि जिथं त्या माणसाचं खरोखर काही मोडतं, तिथं ती लकब काढून घ्यायची, काही न बोलता. दर वाक्याला ‘काय समजलीव’ म्हणणारा मामा विनोदी नाटकात चालतो, कारण तिथं तो दोन तासांत जातो. कादंबरीत तो तीनशे पानं घरात राहायला येतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५, ‘कोसला’च्या अगदी उलट टोकाला आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर गोष्ट सांगतो, पण स्वतःबद्दल फारच थोडं बोलतो. माडगूळकर चित्रंही काढत. त्यांची वाक्यं आधी पाहतात, मग सांगतात, आणि मत देण्याच्या आत थांबतात. मग वाचक गुंततो कशात? माणसं एकेकटी येतात, आणि प्रत्येक जण काही काम घेऊन येतो. कारभारी, आयबू, शेकू, दादू बालट्या, आनंदा रामोशी. पाचही जण एका पानावर आले असते तर आपण तिसऱ्याला विसरलो असतो. कारभाऱ्याची लेक अंजी मास्तरकडून चोळी शिवून आणवते. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावरून म्हातारा बिथरतो आणि वाडीत कोण कुणाशी कसं वागू शकतं याचा सगळा कायदा आपल्याला कळतो. चोळीऐवजी तिथं वाडीच्या रीतिरिवाजांवर दोन पानं आली असती, तर ती समाजशास्त्राची झाली असती. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी रिकामी होते, आणि एकेका कामानिशी लक्षात राहिलेला माणूस निघून जाताना लेखकाला दुःख हा शब्द काढावाच लागत नाही.

यातून हिशोब निघतो तो असा. पहिल्या दहा पानांत चारांहून जास्त नावं नकोत. प्रत्येक नावाबरोबर एक वस्तू किंवा एक काम यायला हवं, आणि ते नाव दुसऱ्यांदा येताना त्या वस्तूचा धागा पुन्हा दिसायला हवा. आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण फार घोटाळे करणारी बाब म्हणजे नावांचं पहिलं अक्षर. सुधीर, सुनील, सुहास अशी तीन भावंडं एका घरात खुशाल असावीत. कादंबरीत ती असली की वाचक ‘सु’ पाहून पुढं सरकतो आणि चाळिसाव्या पानावर त्याला कळतं की मेला तो सुनील नव्हता. आद्याक्षर वेगळं, लांबी वेगळी, हाक मारायची पद्धत वेगळी. एक सुधीर, एक बाळू, एक नुसता ‘दादा’.

एकाच कादंबरीत अनेकांनी ‘मी’ म्हणायचं, हा डाव मराठीत लोकप्रिय आहे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त तिघं बोलतात: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण. दोन्ही पुस्तकांवर पिढ्यांनी जीव टाकला आणि तो खोटा नव्हता. पण शैलीपुरतं बोलायचं तर मला वाटतं, प्रकरणाच्या माथ्यावरचं नाव झाकलं तर या सहा जणांना आवाजावरून ओळखणं कठीण आहे. सारथ्याच्या घरातला शोण आणि राजवाड्यातली कुंती, दोघंही तेवढ्याच झळाळत्या, उपमांनी लगडलेल्या वाक्यांत बोलतात. तरी वाचक बांधला जातो, कारण कर्णावरचा अन्याय हा आपल्याला आधीपासून ठाऊक असलेला, रक्तात भिनलेला विषय आहे. आवाजाचं काम पुराण करतं. घराघरांत पोचलेली कथा हाताशी नसेल तर हा मार्ग धरू नये. नवीन, कुणी न ऐकलेल्या सहा माणसांना एकच आवाज दिला की ती सहा माणसं राहत नाहीत.

तपासण्याची रीत सोपी आहे. संवादाचं एक पान घ्या, नावं आणि ‘म्हणाला-म्हणाली’ खोडा, आणि दोन दिवसांनी वाचा. दहापैकी सात वाक्यांचा धनी कळला तर ठीक. चारचाच कळला तर पात्रं अजून जन्मायची आहेत.

बोलीचा प्रश्न यालाच जोडून येतो, आणि इथं सगळ्यात जास्त हात भाजतात. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये, १९६०, निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत आहे आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात. कौतिक हे मराठीतलं फार मोठं पात्र आहे, आणि ती तोंड उघडते तेव्हाच ती मोठी होते. भाऊ पाध्यांनी ‘वासूनाका’त, १९६५, ती शिवणच उसवली: पोक्या बोलतो ती नाक्यावरची मुंबईची भाषा निवेदनातही तशीच, लेखक सभ्यपणे बाजूला उभाच नाही. त्यावर जो गदारोळ झाला तो नुसत्या शिव्यांचा नव्हता. प्रमाण भाषेतला निवेदक असला की वाचकाला खिडकी मिळते: ही माणसं तिकडे, मी इकडे. पाध्यांनी खिडकी ठेवली नाही.

बोली लिहिताना नव्या लेखकाची पहिली चूक म्हणजे प्रत्येक उच्चार कागदावर आणण्याचा अट्टहास. दोन पानांत वाचक अक्षरं जुळवत बसतो आणि माणूस हातचा जातो. बोली ऐकू यायला चार खुणा पुरतात. वऱ्हाडीसाठी ‘मले, तुले’, ‘काहून’, ‘करून राह्यला’, ‘व्हय’. मालवणीसाठी ‘माका, तुका’, ‘खय’, आणि ‘इलो’. सातारा-सांगलीकडे ‘न्हाई’, ‘कुटं’, ‘लई’. खुणा ठरवायच्या, एका कागदावर लिहायच्या, आणि त्या पुस्तकभर पाळायच्या; तिसऱ्या पानावर ‘न्हाई’ आणि तिसाव्यावर ‘न्हाय’ नको. बाकीचं काम वाक्यरचना करते, कारण बोली शब्दांहून जास्त शब्दांच्या क्रमात असते. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. हे जसंच्या तसं लिहिलं तर पुण्यातला मुद्रितशोधक ते प्रेमानं ‘जाते’ करून टाकेल, आणि पानावरून कोल्हापूर जाईल. हस्तलिखितासोबत अशा जागांची यादी द्यावी.

दुसरी चूक याहून मोठी. बोली म्हणजे पात्राचा गणवेश नव्हे. माणूस ती समोरच्याप्रमाणे बदलतो. तहसील कचेरीत ‘साहेब, आपल्याकडे अर्ज दिलेला आहे’ म्हणणारा शेतकरी दाराबाहेर आल्यावर बायकोला फोनवर ‘न्हाई झालं, त्यो मुडदा जेवाया गेलाय’ म्हणतो. या दोन वाक्यांमधल्या दहा पावलांत त्याचा सगळा अपमान मावतो. जो लेखक त्याला दोन्हीकडे बोलीच बोलायला लावतो, तो त्याच्यावर माया करत असेल, पण त्याला ओळखत नाही. तेच इंग्रजी शब्दांचं. ‘लाईट गेली’ सगळेच म्हणतात, त्यातून काही कळत नाही. पण ‘पझेशन कधी मिळणार’ म्हणणारा, ‘ताबा’ म्हणणारा आणि ‘चावी’ म्हणणारा, ही तीन वेगवेगळ्या पगारांची माणसं आहेत.

आता संबोधनं. मराठी लेखकाजवळ तू, तुम्ही, आपण, अरे, अगं, अहो, नाव, नात्याचं नाव, आडनाव, ‘मास्तर’सारखी कामावरून पडलेली हाक, एवढा ऐवज आहे. त्यात ‘आपण’ एकटाच चार कामं करतो: आदरानं ‘आपण बसावं’, ऐकणाऱ्याला धरून ‘आपण जाऊ’, कुणालाही उद्देशून ‘आपण म्हणतो एक’, आणि मुंबईत ‘आपण नाय असल्या भानगडीत पडत’, म्हणजे चक्क ‘मी’. आणि ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं. लग्न ठरल्यावर मुलीचा भाऊ नवऱ्या मुलाला ‘आम्ही गणपतीला गावी जातो’ म्हणाला, की ‘आपण जाऊ’ म्हणाला, यात ते घर त्याला कितपत आत घेणार आहे ते कळून चुकतं. परदेशी पात्रं असलेल्या कादंबरीत तर पेच आणखी अवघड. दोघं इंग्रजीत बोलत असतील तर तिथं ‘तू-तुम्ही’चा भेदच नाही, पण मराठीत लिहिणाऱ्याला कोणत्या तरी पानावर ‘तुम्ही’चं ‘तू’ करावंच लागतं. ते पान कोणतं, हे ठरवणं म्हणजे प्रेमाची तारीख ठरवणं.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक तक्ता आखावा. आडवी नावं, उभी नावं, आणि प्रत्येक चौकटीत कोण कुणाला काय म्हणतं. आठ पात्रं असतील तर छप्पन्न चौकटी होतात, कारण सासू सुनेला काय म्हणते आणि सून सासूला काय म्हणते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त भरायची वेळ येत नाही. ज्या भरल्या, त्यांत बदल कधी होतो ते प्रकरणाच्या आकड्यासह लिहायचं: ‘तुम्ही’, सातव्यापासून ‘तू’. हा तक्ता नसला की काय होतं? चौथ्या प्रकरणात जावयाला ‘अहो जावईबापू’ म्हणणारा सासरा नवव्यात ‘अरे’ म्हणून जातो. लेखकाला ती चूक वाटते. वाचक तिला घटना समजतो आणि पुढचं पानभर अपमानाची वाट पाहत बसतो.

संवादाचा एक छोटा प्रयोग करू. मुलाला जमिनीच्या कागदावर वडिलांची सही हवी आहे. पहिला मसुदा सहसा असा येतो: ‘मोहन रागानं म्हणाला, “अण्णा, तुम्ही सही का करत नाही? मला पैशांची किती गरज आहे हे तुम्हाला समजत नाही का?” हे ऐकून अण्णांना अतिशय वाईट वाटलं. जमीन त्यांना प्राणाहून प्रिय होती.’ इथं सगळं सांगितलंय, म्हणून काहीच घडत नाही. आता हे पाहा.

मोहननं कागद पुढं सरकवला. पेनाचं टोपण काढून दिलं.

“इथं.”

अण्णांनी चष्मा पुसला. “चहा झाला का तुझा?”

“झाला. इथं, अण्णा.”

“तुझी आई साखर जास्त घालते हल्ली.”

“अण्णा.”

नकार कुठंच उच्चारलेला नाही. पहिल्या ‘इथं’मध्ये घाई आहे. दुसऱ्यात ‘अण्णा’ शेवटी आलंय: मराठीत हाक वाक्याच्या सुरुवातीला असली की लक्ष वेधते, शेवटी आली की विनवते किंवा दाबते. तिसऱ्यांदा नुसती हाक उरली. साखरेचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याचा सहीशी काही संबंध नाही, आणि ‘हल्ली’ या एका शब्दात म्हातारपण, बायकोची विसरभोळी होत चाललेली नजर आणि विषय टाळण्याची हुशारी येऊन जाते. ‘रागानं’ हे क्रियाविशेषण गेलं, त्याचं काम टोपणानं केलं. अशा प्रसंगानंतर अण्णांच्या मनःस्थितीचं एकही वाक्य लिहू नये. हात शिवशिवतात, तरी नाही.

‘म्हणाला’चा कंटाळा येतो म्हणून लोक ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘पुटपुटला’, ‘उत्तरला’ असं वाण्याचं दुकान मांडतात. गरज नाही. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ‘सर्वज्ञें म्हणीतलें’, म्हणजे चक्रधरस्वामी म्हणाले, हे कितीदा येतं ते मोजायला बसावं. वाचताना ते दिसतही नाही, कानावरून वाऱ्यासारखं जातं, आणि लक्ष सगळं बोलण्यावर राहतं. तीन वाक्यांनंतर एकदा ‘म्हणाला’, तेही दोघांहून जास्त माणसं असतील तर. टिंबांचंही तेच. ‘मला वाटलं… की तू… येशील…’ यातली टिंबं भावना दाखवत नाहीत, लेखकाला वाक्य सुचलं नाही एवढंच दाखवतात.

वर्णनाबद्दल थोडक्यात. गोरापान वर्ण, सरळ नाक, पाणीदार डोळे, सडपातळ बांधा ही जुन्या नायक-नायिकांची जंत्री एका पानात चेहरा पुसून टाकते, कारण तिच्यातून कुणीही उभा राहतो. दोन खुणा आणि एक हालचाल पुरेत: मनगटावर सैल झालेलं घड्याळ, डाव्या कानामागं अडकवलेली पेन्सिल, आणि बोलताना दाराकडे पाहण्याची सवय.

याहून मोलाची हत्यारं निवेदनात आहेत, आणि ती मराठीला जवळजवळ फुकट मिळालेली आहेत. आपल्याकडे ‘तो म्हणाला की मी येतो’ हेच सरळ वाक्य आहे. मनातलं वाक्य निवेदनात आणताना काळ आणि पुरुष उलटेपालटे करावे लागत नाहीत. ‘शालिनी स्वयंपाकघरात आली. दूध उतू गेलेलं. आता ओटा कोण पुसणार, मीच. बाकीचे सगळे राजे.’ पहिलं वाक्य लेखकाचं, शेवटचं शालिनीचं, आणि मधे कुठं सांधा बदलला ते रुळावर बसलेल्यालाही कळू नये. काळाचंही तसंच आहे. ‘तो रोज येई, पायरीवर बसे, पाणी मागे’ यात वर्षं झरझर सरतात आणि जुन्या फोटोचा पिवळा रंग चढतो. ‘तो रोज यायचा, बसायचा’ म्हटलं की तेच शेजारणीनं सांगितल्यासारखं होतं. ‘तो येतो, बसतो, पाणी मागतो’ म्हटलं की तो आत्ता दारात आहे. आणि ‘म्हणे’. ‘देसायांची सून माहेरी गेली’ ही बातमी. ‘देसायांची सून म्हणे माहेरी गेली’ म्हटलं की पाराशी बसलेलं अख्खं गाव वाक्यात घुसतं, सांगणाऱ्याचे हात झटकलेले राहतात, आणि सून खरंच माहेरी गेली का, हे वाचक पुढं पन्नास पानं शोधत बसतो.

त्या तक्त्याकडे शेवटी एकदा परत जावं, मसुदा पूर्ण झाल्यावर. भरलेल्या चौकटींपेक्षा रिकाम्या पाहाव्यात. बऱ्याचदा एका घरात राहणारी, एका ताटातलं खाणारी दोन माणसं सापडतात, ज्यांनी तीनशे पानांत एकमेकांना एकदाही हाक मारलेली नाही. सून आणि सासरा, पुष्कळ वेळा. काही घरांत ती चौकट खरोखरच रिकामी असते, तिथं मधे एक नातू लागतो, आणि पाच फुटांवर बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सून त्या नातवाला सांगते, “आजोबांना म्हणावं, पानं घेतलीत.”